सोमवार पेठेतला गेंडा

पुण्यातल्या गणपतींची नावं विचारली की कसबा, दगडूशेठ, सारसबाग ही यादी कोणीही घडाघडा म्हणतं. सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती त्या यादीत क्वचितच येतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. नागझरीच्या काठची दाट वस्ती, अरुंद रस्ता, दुचाक्यांची दाटी. त्यात काळ्या दगडाची ही वास्तू पटकन नजरेत भरत नाही.

मागच्या आठवड्यात भाचीला घेऊन गेले होते. गाभाऱ्याकडे निघालेल्या तिला मी दारातच थांबवलं. आत मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती आहेच, पण दर्शनी भिंत पाहिल्याशिवाय या देवळाचं दर्शन पुरं होत नाही, असं माझं ठाम मत आहे. मोर, पोपट, हत्ती, द्वारपाल, आणि त्यांच्यात साखळदंडांनी जखडलेला एक गेंडा. त्याला बांधताहेत बंदूकधारी गोरे शिपाई!

पुण्याच्या दगडात गेंडा आला कुठून? भीमगीरजी गोसावी यांनी हे देऊळ १७५४ मध्ये बांधायला घेतलं आणि १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. या दोन सालांच्या मध्येच १७५७ ची प्लासीची लढाई येते आणि १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला मिळालेली बंगालची दिवाणीही. गेंडा म्हणजे पूर्वेकडचा मुलूख आणि शिपाई म्हणजे इंग्रज, असा अर्थ अभ्यासक लावतात. काहीजण त्यात आसामही जोडतात. मला ते पटत नाही; आसाम कंपनीकडे गेला तो १८२६ मध्ये, देऊळ उभं राहिल्यावर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने. बंगालचा अर्थ मात्र सालांशी चपखल जुळतो.

शिवाय बांधणारे गोसावी होते. हे लोक नुसते बैरागी नव्हते. त्यांचे मठ होते, व्यापार होता, सावकारी होती आणि उत्तरेपासून दख्खनपर्यंत त्यांची ये-जा असे. बंगालमध्ये काय चाललंय, हे त्यांच्या कानावर लवकर येत असणार. गाभाऱ्यातले शिलालेखही त्या मोकळ्या जगाची साक्ष देतात: दोन संस्कृत, एक फारसी. देवाच्या दारी फारसी कोरताना त्यांना अवघडल्यासारखं झालं नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१७५७ ला बंगाल इंग्रजांच्या हाती गेला, १८१८ ला पेशवाई. मूर्तीच्या स्थापनेपासून पेशवाई जाईपर्यंतची जवळजवळ पन्नास वर्षं तो गेंडा पेठेतल्या येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर उभा होता. त्याच्याकडे पाहून कोणाच्या मनात काय आलं असेल, याचा विचार माझी पाठ सोडत नाही.

देवळाखाली तळघर आहे आणि त्यात गोसाव्यांची समाधी. तिथे एरवी पाणी असतं. गुरुपौर्णिमेला ते उपसून समाधी दर्शनाला खुली करतात. तो दिवस साधा. पण भिंत निवांत पाहायची असेल तर संकष्टी टाळून, भर उजेडात जा. मुलांना बरोबर न्या आणि गेंडा त्यांचा त्यांना शोधू द्या.