एफ-पाच दाबण्याआधी
पाहुणे स्थानापन्न झाले, दीपप्रज्वलन आटोपलं, आणि मग वक्ते, सूत्रसंचालक नि साउंडवाला असे तिघे एकाच लॅपटॉपवर वाकून उभे, हा आता आपल्याकडच्या कार्यक्रमपत्रिकेचाच भाग झाला आहे. पॉवरपॉइंट १९८७ साली बाजारात आलं, तेही आधी मॅकिंटॉशवर. तरी केबल जोडल्यावर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडायचं, हे अजून ऐनवेळीच कुणालातरी आठवतं. मराठी वक्त्याची खरी फजिती मात्र फॉन्ट करतो. घरच्या संगणकावर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टंकलेलं ‘सुस्वागतम्’ हॉलच्या संगणकावर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होऊन उमटतं. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच हवा, आणि पेनड्राइव्हवर पीडीएफची एक प्रतही. (पीडीएफमध्ये गरागरा फिरत येणारी शीर्षकं चालत नाहीत, ती तर इष्टापत्तीच.) एफ-पाच दाबलं की शो पहिल्या स्लाइडपासून सुरू होतो, शिफ्ट धरून दाबलं की समोर उघड्या असलेल्या स्लाइडपासून; मध्येच वीज गेली तर श्रोत्यांना पुन्हा गणपतीपासून सगळं दाखवायला नको. पण माझं लाडकं बटण बी. शो चालू असताना ते दाबलं की पडदा काळा, पुन्हा दाबलं की स्लाइड हजर. श्रोत्यांकडे पाठ करून स्लाइड वाचून दाखवणाऱ्यांनी ते जरूर दाबून पाहावं. लोक पडदा सोडून वक्त्याकडे बघू लागतात, आणि काही वक्त्यांना नेमकी त्याचीच धास्ती असते.