‘मयताशी नाते’ या रकान्यात काय लिहू?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्ज तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. नाव लांबलचक, म्हणून गावात त्याला अजूनही ‘शेतकरी विमा’च म्हणतात. खातेदार शेतकरी अपघाताने दगावला तर वारसांना २ लाख रुपये मिळतात. वीज पडली, विहिरीत पडला, पान लागलं, सगळं त्यात बसतं. त्या अर्जात एक रकाना असतो, ‘मयताशी नाते’. गेल्या रब्बीत या एका रकान्यापाशी माझा पेन थांबला. सांगायचं आहे ते त्याबद्दल.

माझ्याकडच्या एका गावात दोन बायका एका घरात राहायच्या. गाव थोरलीला आक्का म्हणायचं, धाकटीला माई. आक्कानं लग्न केलं नव्हतं. वडिलांच्या वाटणीतली दीड एकर तिच्या नावावर. माई शेजारच्या तालुक्यातली. सतरा-अठरा वर्षांमागे आली ती राहिलीच. दोघींनी मिळून शेत केलं, दोन म्हशी केल्या, डेअरीला दूध घातलं. त्या एकमेकींच्या कोण होत्या हे त्यांनी कधी सांगितलं नाही, गावानं विचारलं नाही, मीही नाही. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीची लाईट होती. आक्का बारे मोडायला गेली आणि बांधावर तिला पान लागलं. सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

कागद घेऊन माझ्याकडं आली ती माई. सात-बारा, मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, सगळं पिशवीत नीट. मी अर्ज भरायला घेतला आणि त्या रकान्यापाशी अडलो. ‘मैत्रीण’ लिहिलं तर अर्ज परत येणार. ‘बहीण’ लिहिलं तर खोटं. ती म्हणाली, ‘‘साहेब, तुम्हाला काय लिहायचं ते लिहा, मला नाव नको, पैशाचं बघा.’’ म्हशींवर पतसंस्थेचं कर्ज होतं, आणि जामीन माईच होती.

पैसे तिला मिळाले नाहीत. मिळणारच नव्हते. वारसनोंद आक्काच्या भावाच्या मुलांची झाली. स्त्रीला वडिलांकडून आलेली जमीन, पोटी मूल नसेल तर वडिलांच्या वारसांकडे परत जाते, असं १९५६ चा हिंदू वारसा कायदा सांगतो. तलाठी भाऊसाहेबांनी जे केलं ते कायद्याला धरून केलं, त्यांना दोष नाही. उलटं झालं असतं, म्हणजे माई गेली असती, तरी आक्काला काही मिळालं नसतं. कारण खातेदाराच्या घरातला जो एक माणूस या योजनेत धरतात, तो आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलगा नाहीतर अविवाहित मुलगी यांतलाच लागतो. (पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. दोघींच्या नावे जमीन असती तर दोघींना वेगळा हप्ता मिळाला असता. सरकारी व्याख्येचा तेवढाच काय तो फायदा!)

आता तुम्ही म्हणाल, याचा आणि दिल्लीत चाललेल्या समलिंगी विवाहाच्या भांडणाचा संबंध काय? ते इंग्रजी बोलणाऱ्या, मोठ्या शहरातल्या लोकांचं. असंच केंद्र सरकारनंही २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला लिहून दिलं होतं, की ही मागणी शहरातल्या उच्चभ्रू लोकांची आहे. त्यावर तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात दिलेलं उत्तर गावोगाव वाचून दाखवावं असं आहे. थोडक्यात ते म्हणतात, महानगरातला गलेलठ्ठ पगाराचा पुरुषच असा असू शकतो असं नाही, शेतात राबणारी बाईही तेवढीच असू शकते. चंद्रचूड घराणं मूळ खेड तालुक्यातल्या कनेरसरचं, त्यामुळे शेतातली बाई त्यांना आठवली असेल असं आपलं मला वाटतं.

पण निकाल काय लागला? १७ ऑक्टोबर २०२३ ला पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं की, लग्न करणं हा घटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही आणि कायदा बदलायचा तर तो संसदेनं बदलावा. लग्न नाही तर निदान जोडीदार म्हणून मान्यता द्यावी, असं दोघांचं मत होतं. तिघांचं नव्हतं. फेरविचाराचे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले. म्हणजे चेंडू संसदेत, आणि संसदेत तो कुणी उचलत नाही.

नाही म्हणायला एकदा उचलला होता, आणि तोही उसाच्या पट्ट्यातून. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातले पती-पत्नी हे शब्द बदलून जोडीदार असा अर्थ होईल असा शब्द घालावा, एवढा त्याचा गाभा. ते चर्चेलाही आलं नाही आणि २०२४ ला ती लोकसभा संपली तसं विधेयकही संपलं. २०२३ ची सुनावणी चालू असताना केंद्रानं राज्यांना मत विचारलं, तेव्हा राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम या तिघांनी विरोध कळवला. बघा, तेव्हा एका ठिकाणी काँग्रेसचं राज्य, एका ठिकाणी वायएसआर काँग्रेसचं, एका ठिकाणी भाजपचं. एरवी पाण्याच्या थेंबावरून भांडणारे पक्ष इथं बरोबर एका बांधावर उभे! आपल्या महाराष्ट्रानं विचार करायला वेळ मागितला.

‘हे परदेशी खूळ आहे’ असं पारावर ऐकू येतं. समलिंगी संबंधांना शिक्षा सांगणारं ३७७ कलम १८६० सालचं, इंग्रजांच्या दंड संहितेतलं. ते सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला संमतीनं राहणाऱ्या सज्ञान माणसांपुरतं रद्द केलं. आणि अशी माणसं आपल्याकडं नव्हतीच म्हणाल, तर १९८७ साली मध्य प्रदेश पोलिसातल्या दोन बायकांनी एकमेकींशी लग्न केलं होतं. दोघींची नोकरी गेली. त्या काही परदेशातून आल्या नव्हत्या.

मी कृषी पदविका झालेला माणूस, कायद्याचं शिक्षण नाही. आधी माझंही मत असं होतं की, लग्न हा शब्द कशाला हवा? लोकांच्या भावना दुखावतात, दुसरं काहीतरी नाव द्यावं आणि मोकळं व्हावं. माईचा अर्ज परत आल्यावर मत बदललं. आपण शासन निर्णयांवर जगणारी माणसं. प्रत्येक जीआरमध्ये ‘पती/पत्नी’ लिहिलेलं असतं. विम्यात, वारसनोंदीत, बक्षीसपत्राच्या मुद्रांकात. शेतजमीन नवऱ्यानं बायकोला बक्षीस दिली तर मुद्रांक २०० रुपयांचा, परक्याला दिली तर किमतीवर टक्क्यांत. एकेक जीआर बदलत बसायचं तर माईसारख्यांच्या तीन पिढ्या जातील. विवाहाच्या कायद्यात एक शब्द बदलला की बाकीचं आपोआप ओळीला येतं. सरकारी वकिलांनी न्यायालयात हीच अडचण म्हणून सांगितली, की दीडशेहून जास्त तरतुदींना धक्का लागेल. मला ते अडचणीपेक्षा कारणच जास्त वाटतं. इतक्या ठिकाणी एखादा माणूस परका ठरत असेल तर भांडण शब्दाचं कसं म्हणायचं?

वंशाचं काय, असंही विचारतात. मूल नसलेल्या जोडप्याचं लग्न आपण मोडतो का? साठीतला विधुर दुसरं लग्न करतो तेव्हा ग्रामसेवक नोंदणीच्या वेळी वंशाचं विचारतो का?

शेजारच्या नेपाळात काय झालं ते सरपंच-उपसरपंचांनी मुद्दाम ऐकावं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२३ मध्ये अशा लग्नांची तात्पुरती नोंद करायला सांगितलं. काठमांडूच्या जिल्हा न्यायालयानं तरी अर्ज फेटाळला. शेवटी २९ नोव्हेंबर २०२३ ला पहिली नोंद केली ती लमजुंग जिल्ह्यातल्या दोर्दी नावाच्या गावपालिकेनं. जोडप्यातली एक तृतीयपंथी स्त्री, कागदावर पुरुष म्हणून नोंदलेली, आणि दुसरा पुरुष. राजधानीत नाकारलेला अर्ज डोंगरातल्या गावपालिकेनं घेतला.

आपल्याकडं तेवढा अधिकार ग्रामपंचायतीला नाही, हे मला माहीत आहे. पण जे आधीच मिळालंय ते तरी द्या. २०२४ साली केंद्र सरकारनं समिती नेमली आणि त्यानंतर काही पत्रं निघाली. अन्न व सार्वजनिक वितरण विभागानं राज्यांना कळवलं की, समलिंगी जोडीदारांना रेशन कार्डासाठी एकाच घरातले धरा. रिझर्व्ह बँकेनं २१ ऑगस्ट २०२४ ला बँकांना आणि केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं २८ ऑगस्ट २०२४ ला सर्वांना स्पष्ट केलं की, अशा जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला किंवा एकमेकांना नॉमिनी लावायला कसलीही आडकाठी नाही. पुरवठा शाखेतल्या आणि बँकेतल्या साहेबांनी या तारखा लिहून ठेवाव्यात. कुणी आलं तर ‘नातं काय?’ म्हणून चार माणसांत मोठ्यानं विचारू नये. गावात हे बोलायला फार धीर लागतो. एकदा परत पाठवलेला माणूस पुन्हा काउंटरवर येत नाही.

ज्यांना कायदा बदलेपर्यंत थांबणं परवडणारं नाही, त्यांनी मृत्युपत्र करावं. एकटे राहणारे, मानलेल्या भावाकडं किंवा मैत्रिणीकडं राहणारे, सगळ्यांनीच. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा केला तरी चालतं. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडं केलेली बरी. ज्याला द्यायचं आहे त्यालाच साक्षीदार करू नका. शेतजमिनीला एक मेख आहे. शेतकरी किंवा शेतमजूर नसलेल्याच्या नावावर ती करायला कुळकायदा आडवा येतो, आणि गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली हा नियम मृत्युपत्रालाही लावला. म्हणून शेतात राबणाऱ्या जोडीदाराकडं त्याचा पुरावा आधीच असू द्या, आणि वकिलाला हे आवर्जून विचारा. बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे घेऊन वारसाला देणारा. मृत्युपत्र नसेल तर वारस उद्या त्याच्याकडंही मागायला येतो.

माईबद्दल सांगायचं राहिलं. दीड एकर पुतण्यांकडं गेलं. त्यांनी तिला घर सोड म्हटलेलं नाही, अजून तरी. म्हशी तिच्याकडंच आहेत. आक्का गेल्यावर तिसऱ्या दिवशी डेअरीच्या सचिवानं दुधाचं कार्ड माईच्या नावावर केलं. कागद नंतर बघू म्हणाला. सकाळी साडेसहाला ती दूध घालायला येते, आणि दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या बिलातून पतसंस्थेचा हप्ता भरते.