धक्कास्टार्ट

एसटी स्टँडवर धक्का मारून सुरू होणारी गाडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ड्रायव्हर आत, कंडक्टर खाली आणि दहा-पंधरा प्रवासी मागून जोर लावताहेत... आपण हसतो. पण आपले फायनल इयरचे बहुतेक प्रोजेक्ट याच जातीचे असतात असं म्हटलं, तर राग येईल. येऊ दे. मी आधी माझंच उदाहरण देतो.

आमच्या ग्रुपने डिपार्टमेंटच्या लायब्ररीसाठी पुस्तकांच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर केलं. जावा, टॉमकॅट, मागे पोस्टग्रेस. डेमो झकास झाला, मार्कही मिळाले. विशेष म्हणजे लायब्ररीयन मॅडमनी ते खरोखर वापरायला घेतलं आणि जुनं रजिस्टर कपाटात गेलं. आमची कॉलर ताठ!

चार महिन्यांनी एका शनिवारी रात्री लाईट गेली. यूपीएस थोडा वेळ ओरडला आणि शांत झाला. पहाटे लाईट आली. बायॉसमधलं सेटिंग बरोबर होतं, त्यामुळे मशीन आपोआप चालू झालं. लिनक्स आलं, पोस्टग्रेस आलं. आमचं सॉफ्टवेअर मात्र आलं नाही. येणार कसं? ते चार महिन्यांपूर्वी मी स्वतःच्या हाताने, टर्मिनल उघडून, कमांडच्या पुढे 'नोहप' लावून सुरू केलं होतं. ती कमांड फक्त माझ्या डोक्यात होती, आणि मी होतो मामेबहिणीच्या लग्नाला. गावात रेंज नाही.

सोमवारी लायब्ररीपुढे नो ड्यूजची रांग. मॅडमनी कपाटातून रजिस्टर काढलं, त्यात चार महिन्यांच्या नोंदीच नाहीत. एका मुलाची पुस्तकं परत आलेली होती, पण ते सिद्ध कसं करायचं? नो ड्यूज नाही म्हणून फॉर्म नाही, आणि मुदत त्याच दिवशी संपत होती. मी परत आल्यावर तो मला काहीच बोलला नाही. फक्त लेट फीची पावती दाखवली.

आता म्हणाल, चूक लाईटीची. अजिबात नाही. लाईट जाणारच हे धरून चालायचं, तेच तर इंजिनिअरिंग!

आणि उपाय काय भलता अवघड आहे? पूर्वी इनिट स्क्रिप्ट लिहावी लागायची. स्टार्ट, स्टॉप, रीस्टार्ट असे सगळे प्रकार हाताने. 2010 मध्ये सिस्टमडी आलं, 2015 मध्ये डेबियन आणि उबंटू दोघांनीही ते मूळ व्यवस्था म्हणून घेतलं. आता दहा-बारा ओळींची एक सर्व्हिस फाईल पुरते. कुठला प्रोग्रॅम, कुठल्या युजरच्या नावाने (रूट नको!), कशाच्या नंतर, आणि पडला तर काय करायचं. बस्स.

पण घोडं पेंड खातं ते बारीकसारीक ठिकाणी. पहिलं म्हणजे 'स्टार्ट' आणि 'इनेबल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर. इनेबल म्हणजे पुढच्या बूटला आपणहून चालू हो. बरेच जण पहिली कमांड देतात, ब्राउझरमध्ये पान उघडलं की टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. दुसरं, आपण लॉगिन केल्यावर मिळणारे पाथ आणि जावा होम बूटच्या वेळी नसतात, म्हणून पूर्ण पत्ता लिहावा लागतो. तिसरं, 'आफ्टर' लिहिलं की फक्त क्रम ठरतो. त्याने डेटाबेस ओढून सुरू केला जात नाही. आणि चौथं, 'रीस्टार्ट' लिहून निर्धास्त होऊ नका. मूळ सेटिंगमध्ये सिस्टमडी जेमतेम 100 मिलिसेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतं, आणि 10 सेकंदांत 5 वेळा पडलं की नाद सोडतं. डेटाबेसला उठायला अर्धा मिनिट लागला तर तुमचं सॉफ्टवेअर तेवढ्यात पाच वेळा मरून मोकळं! मधलं अंतर 10 सेकंद ठेवा.

"आता डॉकर आहे, हे कशाला?" असं एक ज्युनियर म्हणाला. बाबा रे, डॉकरच्या कंटेनरची रीस्टार्ट पॉलिसीही सांगितल्याशिवाय 'नो'च असते. जादू कुठेच नाही.

काहींचं म्हणणं असतं की लाईट गेल्यावर माणसाने आधी डेटा तपासावा, मगच सुरू करावं. पैशांच्या व्यवहारात ते पटतं. पण मग तपासणारा माणूस नेमलेला हवा आणि काय तपासायचं हे कागदावर हवं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. आमच्याकडे फक्त मी होतो.

आणि खरं सांगू? ते मला आवडायचं. "तू ये रे, चालू करून दे" असा फोन आला की आपल्यावाचून अडतंय याचं बरं वाटायचं. आपल्या कॉलेजातले कितीतरी सर्व्हर अशाच कुणाच्या तरी मोठेपणावर चालतात. तो पास आऊट होतो, सर्व्हर मागे राहतो, आणि पुढच्या वर्षीचा ग्रुप सगळं पहिल्यापासून लिहायला घेतो.

म्हणून सरांना एक विनंती. प्रोजेक्टच्या परीक्षेत डेमो झाल्यावर मशीन रीस्टार्ट करा. ग्रुपमधल्या कुणालाही कीबोर्डला हात लावू देऊ नका. पाच मिनिटांनी पान उघडलं तर त्याचे वेगळे मार्क द्या. पहिल्या वर्षी निम्मे ग्रुप आपटतील, आम्ही तर नक्कीच आपटलो असतो. दुसऱ्या वर्षी सगळे शिकतील.

ती सर्व्हिस फाईल मी शेवटी लिहिली. मशीन तीनदा बंद-चालू करून पाहिलं, आणि फाईलची प्रिंट मॅडमच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली. सगळं मिळून अर्धा तास लागला. लेट फी मात्र भरली दुसऱ्याच कुणीतरी.