रविवारची वाट कशाला पाहायची?

आपल्या शाळेतून शिकून गेलेली किती मुले आज परदेशात आहेत, याचा हिशेब आता कुणी ठेवत नाही. त्यांच्यामागोमाग त्यांचे आई-वडीलही तीन-तीन महिने तिकडे राहून येतात. परत आल्यावर वाचनालयात किंवा गणेशोत्सवात भेटले की मी विचारते, "काय काय पाहिलंत?" उत्तर बहुधा ठरलेले असते. रविवारी मुलाने दाखवले ते. आणि बाकीचे दिवस? "घरीच. भाषा येत नाही, एकटं कुठं जाणार?" तीन महिन्यांत रविवार येतात बारा-तेरा. त्यातले दोन पावसात जातात, एखादा सूनबाईंच्या ऑफिसच्या कामात जातो. एवढा विमानखर्च करून हाती लागतात नऊ-दहा दिवस.

हे बरोबर नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कुणाला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. २०२४ साली मुलाकडे टोकियोला गेले तेव्हा पहिले सोळा दिवस मीही घरातच काढले. याच शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला, होन्शू बेट आणि कांतोचे मैदान फळ्यावर न बघता काढत असे. आणि घरापासून सात मिनिटांवरच्या स्टेशनात शिरायला माझा पाय उचलत नव्हता.

मुलगा राहतो निशिकसाई या भागात. टोकियोतली भारतीय वस्ती म्हणजे मुख्यतः हाच भाग. २००० सालाच्या आसपास संगणकवाले इंजिनियर मोठ्या संख्येने तिकडे गेले आणि इथे स्थिरावले, त्यामागे एक कारण रेल्वेचेच आहे. इथून तोझाई नावाची भुयारी लाइन निहोनबाशी, ओतेमाची या पेढ्या-कचेऱ्यांच्या भागात थेट जाते, गाडी बदलावी लागत नाही. हा भाग ज्या एदोगावा वॉर्डात येतो, त्या वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले होते. डाळ, तांदूळ, मसाले सगळे जवळच मिळते. थोडक्यात, बाहेर न पडताही तीन महिने सुखाने जातात. तोच तर घोटाळा आहे.

माझी सुटका केली तिसरीतल्या नातीने. ती म्हणाली, "आजी, नावं वाचू नकोस. आकडे वाच."

वाचकहो, टोकियोच्या रेल्वेचे सगळे मर्म या एका वाक्यात आहे. तिथल्या भुयारी रेल्वेच्या तेरा लाइनी आहेत, नऊ एका कंपनीच्या आणि चार दुसरीच्या. वरून धावणाऱ्या जे.आर.च्या आणि इतर खासगी कंपन्यांच्या गाड्या वेगळ्याच. नकाशा पाहिला तर कुणी पाच-सहा रंगांचे लोकरीचे गुंडे मांजरापुढे टाकल्यासारखा दिसतो. पण २००४ सालापासून भुयारी रेल्वेच्या प्रत्येक स्थानकाला एक अक्षर आणि एक आकडा दिलेला आहे. अक्षर लाइनचे, आकडा स्थानकाचा. निशिकसाई म्हणजे टी-१६. मला जायचे होते आसाकुसाला, तिथले जुने कान्नोन मंदिर पाहायला. ते आहे जिंझा लाइनवर, जी-१९. दोन्ही लाइनी निहोनबाशीला भेटतात, तिथे तोझाईचा आकडा दहा आणि जिंझाचा अकरा. म्हणजे सोळावरून दहावर यायचे, सहा स्थानके. मग अकरावरून एकोणीसवर, आठ स्थानके. आकडा वाढायच्या ऐवजी कमी होऊ लागला तर आपण उलट्या गाडीत बसलो. एवढी बेरीज-वजाबाकी तर आपल्या बालवर्गातही शिकवतात.

पैशाचेही तसेच. तिकिटाचा दर शोधत बसावे लागत नाही. सुईका नावाचे कार्ड २००१ साली निघाले. त्यात पैसे भरायचे, आत जाताना फाटकावर टेकवायचे आणि बाहेर पडताना टेकवायचे. कंपनी कुठलीही असो, हिशेब तेच करते. मुलाकडे एक जुने जास्तीचे कार्ड होते, ते मी घेतले. सतराव्या दिवशी, मंगळवारी, मुलगा-सून ऑफिसला गेल्यावर निघाले. मुद्दाम साडेदहानंतर. याच तोझाई लाइनवर सकाळच्या गर्दीत २०१९ साली क्षमतेच्या १९९ टक्के माणसे मोजली गेली होती. त्या वेळी आपल्या वयाच्या माणसाने तिकडे फिरकूही नये.

उएनो ते आसाकुसा हा २.२ किलोमीटरचा तुकडा म्हणजे आशियातली पहिली भुयारी रेल्वे, ३० डिसेंबर १९२७ ची. तो ओलांडताना मला जो आनंद झाला तो मंदिर पाहूनही झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

परतताना मात्र फजिती झाली. निहोनबाशीला गाडी बदलली आणि दहापासून मोजू लागले. अकरा, बारा, तेरा, चौदा. पंधरा आले आणि गाडी थांबलीच नाही. पाहता पाहता भुयारातून वर उजेडात आली, आराकावा नदीचा लांबलचक पूल ओलांडला आणि माझे सोळा नंबरचे स्टेशनही डोळ्यांसमोरून निघून गेले. ती जलद गाडी होती. नातीने आकडे शिकवले, पण गाडीच्या कपाळावर काय लिहिले आहे ते पाहायचे सांगितले नव्हते. थोड्या वेळाने आणखी एक नदी आली. ही जुनी एदो नदी हे मला ठाऊक होते. ती ओलांडली म्हणजे टोकियो संपले आणि चिबा प्रांत लागला. तीस वर्षांचा भूगोल कामी आला तो असा, प्रांताबाहेर गेल्याचे अचूक कळण्यापुरता! उरायासूला उतरले, पलीकडच्या फलाटावर गेले, साध्या गाडीने दोन स्थानके मागे आले. कार्डातून जास्तीचा एक येनही गेला नाही, कारण फाटकाला फक्त आपण कुठे शिरलो आणि कुठे बाहेर पडलो एवढेच कळते. घरी कुणालाही पत्ता लागला नाही. (मुलगा हा अंक वाचत असेल तर आता लागेल.)

त्यानंतर अडीच महिने मी रोज नाही तरी आठवड्यातून तीनदा बाहेर पडत होते. जिम्बोचोची जुन्या पुस्तकांची दुकाने, उएनोची संग्रहालये आणि कितीतरी नाव नसलेल्या गल्ल्या पाहिल्या. जे.आर.ची यामानोते लाइन तर शिकाऊ माणसासाठीच केली असावी. साडेचौतीस किलोमीटरचे वर्तुळ, तीस स्थानके. उलट्या दिशेला बसलात तरी उशिरा का होईना, पोहोचताच.

आपल्याकडचे बरेच जण सहल कंपनीबरोबर जातात. जेवण वेळेवर मिळते, भाषेची अडचण नाही, हे खरे. पण माझ्या एका मैत्रिणीने दोन दिवसांत बसमधून 'सगळे टोकियो' पाहिले आणि तिला त्यातला एकही टोकियोकर भेटला नाही. मी रेल्वेत रोज त्यांच्या शेजारी बसले. बोलले नाही, कारण तिथे डब्यात कुणीच बोलत नाही, फोनवर तर नाहीच. आपल्या गाडीत देवास येईपर्यंत समोरच्याच्या मुलीचे लग्न कुठे ठरले ते कळते. तिथे तासभर नुसती चाकांची घरघर. सुरुवातीला मला ते सुतकासारखे वाटले. मग आवडू लागले. मग पुन्हा कंटाळा आला.

सगळे गोड आहे असे नाही. एका लाइनवरून दुसरीवर जाताना दहा-दहा मिनिटे चालावे लागते. लिफ्ट असते, पण पुष्कळदा एखाद्याच दाराशी, आणि ते नेमके आपल्याला नको त्या टोकाला असते. शिंजुकू स्टेशनला दोनशेहून अधिक दारे आहेत. तिथे मी दोनदा चुकले आणि तिसऱ्यांदा गेलेच नाही. ज्यांचे गुडघे खरोखरच गेले आहेत त्यांनी माझे ऐकू नये. पण भीतीचे नाव गुडघ्यांवर ढकलणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. सोळा दिवस मी तेच केले होते.

आणखी एक गोष्ट. तिकडून आलेला प्रत्येक जण जपान्यांच्या शिस्तीचे गोडवे गातो आणि "आपल्या लोकांना हे जमणार नाही" म्हणतो. मला हे मुळीच पटत नाही. फलाटावर दार कुठे येणार याची खूण आहे आणि दार बरोबर तिथेच येते. ही गाडी चुकली तर पाच मिनिटांत दुसरी येते. मग माणूस रांग मोडेल कशाला? शिस्त रक्तात नसते, व्यवस्थेवर विश्वास बसला की ती येते. इंदूरकरांना तरी हे वेगळे सांगायला नको. स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग सात वर्षे आपला पहिला नंबर आला. तो काय आपण सगळे रातोरात सज्जन झालो म्हणून? कचरागाडी रोज दारात येऊ लागली, म्हणून रस्त्यावर कचरा टाकायची गरज उरली नाही. तीच माणसे, तीच गल्ली.

३१ मे २०२५ ला आपल्या गावातही मेट्रो सुरू झाली. तेव्हा ती सुमारे सहा किलोमीटरची होती, स्थानके पाच. सुपर कॉरिडॉरवर कुणाचे काय काम, म्हणून आपण हसलो. तरी शाळेला माझी विनंती आहे की आठवी-नववीच्या भूगोलाच्या एका तासाला मुलांना तिकडे न्यावे, आणि वर्गात टोकियोचा किंवा आपल्या मुंबईचा रेल्वेचा नकाशा हातात देऊन 'इथून तिथे जा' असा प्रश्न घालावा. नद्यांची लांबी मी पुष्कळ पाठ करून घेतली. अनोळखी गावात एकटीने वाट कशी काढायची, हे तीस वर्षांत एकदाही शिकवले नाही.

आमच्या शेजारच्या काकू पुढच्या महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी टोकियोला निघाल्या आहेत. कार्डात सातशे चाळीस येन शिल्लक होते, ते मी काल त्यांना देऊन टाकले. सोबत कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिले आहे: आकडे मोजा, आणि बसण्याआधी गाडी जलद आहे का ते पाहा.