साल छापू नका!

फेस्टच्या कमिटीत आहात? मग यंदा 'बाटल्यांपासून बनलेले' टी-शर्ट घ्यायची टूम निघालीच असेल. ऐकायला भारी वाटतं. पण बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. टी-शर्टचा पुन्हा टी-शर्ट क्वचितच होतो. कॉटन-पॉलिएस्टर मिक्स असेल तर धागे वेगळे करणं आणखी कठीण. पानिपतला जुने कपडे पिंजून त्यांची ब्लँकेट्स होतात, पण तिथेही कापड एक पायरी खालीच उतरतं. आजीच्या सुती लुगड्याची गोधडी व्हायची. पण त्याआधी ते विरेपर्यंत नेसलं जायचं. सर्क्युलर डिझाइन खरं तिथून सुरू होतं. म्हणून शंभर टक्के सुती घ्या आणि त्यावर साल छापू नका. साल नसलेला टी-शर्ट पुढच्या फेस्टलाही चालतो की!