किल्ला इतिहास ठरला, भातुकली खेळच राहिली : गोरेगावच्या बैठ्या घरांच्या निमित्ताने

१/ दिवाळीत महाराष्ट्रातील अंगणांत आणि मुंबईतील इमारतींच्या आवारांत मातीचे किल्ले उभे राहतात. दगड, चिखल, गोणपाट, अळीव पेरून उगवलेली हिरवळ आणि माथ्यावर महाराजांचे सिंहासन. या प्रतिकृतीकडे नुसता खेळ म्हणून कोणी पाहत नाही. तिच्या स्पर्धा भरतात, मुलांना त्यातून इतिहास कळतो असे आपण मानतो. त्याच घरात, त्याच सुट्टीत भातुकलीही मांडली जाते. तिच्यातून इतिहास कळतो असे मात्र कोणी म्हणत नाही. हा थ्रेड या भेदाविषयी आणि त्यातून होत असलेल्या एका नुकसानीविषयी आहे.

२/ जुन्या मराठीत ‘भातुके’ म्हणजे मुलांच्या हातावर ठेवायचा खाऊ. ‘भातुकली’ हा शब्द त्याच कुळातला. तिची सामग्री ठरलेली: चूल, जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, पोळपाट-लाटणे, घागर, बंब. पितळेची आणि तांब्याची भांडी तांबटाने घडवायची, मातीची कुंभाराने, लाकडाची सुताराने किंवा चिताऱ्याने. म्हणजे जे कारागीर मोठ्यांचा संसार घडवीत, तेच लहान्यांचाही घडवीत. म्हणून जुनी भातुकली पाहताना त्या काळच्या स्वयंपाकघराची जवळजवळ पूर्ण यादीच हाती लागते.

३/ युरोपातील बाहुलीघराची कथा निराळी आहे. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्ट याने १५५७-५८ मध्ये करवून घेतलेले बाहुलीघर हे या प्रकाराचे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण मानले जाते. ते मुलांसाठी नव्हतेच. वैभव दाखवण्यासाठी होते. ॲमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ओर्टमान हिने १६८६ ते १७१० च्या दरम्यान सजवलेले कपाटवजा घर आज तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे. खुर्च्या, पलंग, चित्रे, चिनी मातीची भांडी, सारे काही प्रमाणात.

४/ १९२१ ते १९२४ या काळात इंग्लंडच्या मेरी राणीसाठी एडविन लट्येन्स यांनी बाहुलीघराचा आराखडा केला. याच काळात ते नवी दिल्ली उभारण्याच्या कामातही गुंतलेले होते. या घराचे प्रमाण एकास बारा, म्हणजे खऱ्या घरातील एक फूट तिथे एक इंच. आजही जगभर हातांनी छोटे फर्निचर करणारे बहुतेक लोक हेच प्रमाण वापरतात. ते ध्यानात ठेवावे; पुढे उपयोगी पडेल.

५/ युरोपच्या बाहुलीघराला भिंती आहेत आणि आत फर्निचर आहे. भातुकलीला दोन्ही नाही. ती जमिनीवर, कोपऱ्यात, जिन्याखाली कुठेही मांडता येते. याला कल्पनेचे दारिद्र्य म्हणणे चुकीचे ठरेल, कारण मूळ घरच तसे होते. बसायला पाट, पूजेला चौरंग, तान्ह्याला पाळणा, ऐपत असेल तर झोपाळा. सामान ठेवायला कोनाडा, फडताळ आणि छताला टांगलेले शिंके. घराचा मोठा भाग जमिनीवर बसून जगला जाई.

६/ याची साक्ष भाषाही देते. ‘खुर्ची’ अरबी ‘कुर्सी’वरून आली, ‘अलमारी’ पोर्तुगिजांकडून, ‘टेबल’ इंग्रजांकडून. ‘कपाट’ संस्कृत आहे खरे, पण संस्कृतात त्याचा अर्थ दाराची फळी. सामान ठेवायची उभी पेटी हा अर्थ पुढचा. पाट, पाळणा, फडताळ, शिंके या शब्दांचा संच वेगळ्या घराचा, आणि खुर्ची, टेबल, कॉट, शोकेस या शब्दांचा संच वेगळ्या घराचा. या दोन घरांमधले स्थित्यंतर हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील मोठा बदल आहे. त्याचे दस्तऐवज मात्र फार थोडे.

७/ लाकडी भातुकली म्हटली की सावंतवाडीचे नाव येते. तिथल्या चितार आळीत चितारी कारागीर पांगाऱ्यासारख्या हलक्या, मऊ लाकडातून फळे आणि खेळणी कोरतात आणि झगझगीत रंगांत रंगवतात. याच गावाच्या गंजिफा कलेला शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात पुन्हा उभे केले. गंजिफा राजवाड्यात जपली गेली, तिच्यावर पुस्तके झाली. त्याच रंगांतले छोटे जाते आणि छोटा पाळणा मात्र आठवणीची वस्तू म्हणून पर्यटकाच्या पिशवीत गेला.

८/ छोट्या वस्तूंची दुसरी परंपरा लग्नातली. रुखवत. आगपेटीच्या आणि आइस्क्रीमच्या काड्या, मणी, लोकर, पुठ्ठा, साखर यांतून वधूकडील बायका पाळणा, तुळशीवृंदावन, दिवाण, बैलगाडी, कधी अख्खे घर करीत. लग्नघरी टेबलावर ते मांडले जाई आणि पाहुण्या बायका ते बारकाईने पाहत. काही आठवड्यांचे हातकाम, एका दिवसाचे प्रदर्शन. त्यानंतर ते माळ्यावर आणि पुढे रद्दीत. करणारीचे नाव कुठेही नोंदलेले नसे.

९/ प्रतिकृती इतिहासाचे साधन होऊ शकते हे मुंबईला अपरिचित नाही. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईच्या लोकजीवनाच्या छोट्या मूर्ती आणि देखावे आहेत: वेशभूषा, व्यवसाय, खेळ, पारशांच्या दोखम्याचे प्रारूप. १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून खुल्या झालेल्या या वास्तूत शाळकरी मुले याच काचांपुढे रेंगाळतात.

१०/ पण ती दृष्टी वसाहतीची होती. तिला ‘प्रकार’ हवे होते: अमुक जातीचा माणूस, तमुक धंद्याचा माणूस. माणूस पगडीवरून ओळखला जाई. त्याची खोली, त्याच्या बायकोची मांडणी, पाण्याचे पिंप यांना त्यात जागा नव्हती. स्वातंत्र्यानंतर ती जागा आपण भरून काढायला हवी होती. वाड्यांची आणि गडांची प्रारूपे झाली. एका खोलीच्या संसाराचे प्रारूप कोणाला सुचले नाही.

११/ अपवाद आहे तो पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दारे अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि लहानपणी वारलेल्या आपल्या मुलाचे नाव संग्रहाला दिले. घरातली वस्तू हाही इतिहास, हे त्यांनी कृतीने सांगितले. मात्र वस्तू सुटी सुटी जपली तर ती वस्तूच राहते. ती खोलीत कुठे होती, तिच्याशेजारी काय होते आणि तिथवर कोणाचा हात पोचत होता, हे प्रतिकृतीच सांगू शकते.

१२/ याचा सर्वांत टोकाचा पुरावा अमेरिकेत आहे. फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी १९४० च्या दशकात संशयास्पद मृत्यूंच्या जागांच्या प्रतिकृती बाहुलीघराच्या प्रमाणात केल्या. पोलिसांनी खोली कशी वाचावी हे शिकवण्यासाठी. दिनदर्शिकेचे पान, टेबलावरचे ताट, अर्धवट ओढलेला पडदा, सगळे एकास बारा. बायकांचा छंद म्हणून हसण्यावारी नेले जाणारे कौशल्य तिथे न्यायवैद्यक शिक्षणाचे साधन झाले.

१३/ आता गोरेगाव. १९५७ मध्ये हे उपनगर बृहन्मुंबईत आले. त्याआधी १९४३ मध्ये इथे फिल्मिस्तान स्टुडिओ सुरू झाला होता. पुढे १९७७ मध्ये पूर्वेला चित्रनगरी उभी राहिली, जिला आज दादासाहेब फाळके यांचे नाव आहे. चित्रपटाच्या सेटवरचे घर म्हणजे मोठ्या आकाराचे बाहुलीघरच. एक भिंत नसलेले, एका बाजूने पाहण्यासाठी केलेले. प्लाय, पुठ्ठा आणि रंग यांतून जुना सागवानी पलंग किंवा वाड्याचा दरवाजा उभा करणारे हात या उपनगरात पिढ्यानपिढ्या काम करीत आले आहेत.

१४/ याच गोरेगावात पश्चिमेला मोतीलाल नगर आहे. १९६० च्या दशकात सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेली बैठ्या घरांची वसाहत. मूळ घरे लहान. पुढे गरजेप्रमाणे मागे-पुढे आणि वर वाढत गेली. आज तिचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला आहे. फिल्मिस्तानची जागाही २०२५ मध्ये बांधकाम व्यावसायिकाकडे गेली. म्हणजे खोटी घरे बनवणारी जागा आणि खरी घरे असलेली जागा, दोन्ही एकाच काळात जमिनीवरून पुसल्या जाण्याच्या वाटेवर आहेत.

१५/ पुनर्विकासाला विरोध करणे हा या लिखाणाचा हेतू नाही. गळके छप्पर आणि तुंबलेले गटार यांची आठवण गोड करून सांगण्याचा अधिकार तिथे न राहिलेल्यांना नाही. रहिवाशाला पक्के, मोठे घर मिळायलाच हवे. प्रश्न एवढाच की जुने घर पाडताना त्याची नोंद कोणती उरते? सातबारा, नकाशा, क्षेत्रफळ, पात्रता-यादी. घराच्या आत काय होते याची नोंद यातल्या एकाही कागदात नसते.

१६/ म्हणून सूचना साधी आहे. पाडण्यापूर्वी अशा वसाहतीतील काही घरांच्या एकास बारा प्रमाणातल्या प्रतिकृती हातांनी कराव्यात. दहा फूट बाय बारा फुटांची खोली दहा इंच बाय बारा इंचांत बसते. सहा फुटी गोदरेजचे कपाट सहा इंचांचे. साडेतीन फूट रुंदीची कॉट साडेतीन इंचांची. तीन इंच उंचीचा पाट पाव इंचाचा. एवढी प्रतिकृती शाळेच्या कपाटातही मावेल.

१७/ करताना अडचणी येतात आणि त्या शिकवतात. लाकडाची शीर छोटी होत नाही, म्हणून बारीक शिरेचे लाकूड शोधावे लागते. नव्या कापडाचा पडदा ताठ उभा राहतो. पुष्कळदा धुतलेल्या मलमलीचा खाली पडतो. स्टीलच्या मांडणीसाठी ॲल्युमिनियमची तार वाकवताना कळते की त्या मांडणीत ताटे उभी का ठेवत. जागा नव्हती म्हणून. पोटमाळ्याची शिडी बसवताना कळते की वर कोण झोपत असेल: ज्याला पाठ वाकवून चढता येते तोच.

१८/ आक्षेप येईल की छोटी वस्तू नेहमी गोजिरवाणी दिसते. गरिबीही तिथे सुंदर होते. आक्षेप खरा आहे. त्याला उत्तर म्हणजे काय ठेवायचे याची निवड. पाण्याचे पिंप ठेवा, कळश्यांची रांग ठेवा. याच गोरेगावातून मृणाल गोरे ‘पाणीवाली बाई’ म्हणून उभ्या राहिल्या. नळाला पाणी नसणे हा त्यांच्या राजकारणाचा मोठा प्रश्न होता. पिंपाशिवायची प्रतिकृती खोटी ठरेल.

१९/ आणि लाटणे ठेवा. १९७२ च्या सुमारास महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संयुक्त महिला समिती उभी केली. हजारो बायका थाळ्या वाजवत आणि लाटणी उगारत मुंबईच्या रस्त्यावर आल्या. भातुकलीतली वस्तू राजकीय चिन्ह झाली ती तेव्हा. ज्या स्वयंपाकघराला इतिहासाने खेळ मानले, तिथूनच ती बाहेर आली होती. तलवारीला संग्रहालयात काच मिळते. त्या लाटण्यांपैकी एखादे तरी कुठे जपले गेले असेल तर ते अपवादानेच.

२०/ हे काम करायला परदेशी तज्ज्ञ नकोत. मापे रहिवासी घेऊ शकतात. टेप सगळ्यांच्या घरी असतो. सुतारकाम चित्रनगरीतल्या कारागिरांना येते. बारीक कलाकुसर रुखवत केलेल्या बायकांच्या हातात अजून आहे. २०१८ च्या थर्माकोलबंदीनंतर गणपतीची मखरे लाकूड, पुठ्ठा आणि कापडात करायला शिकलेली मुले प्रत्येक गल्लीत आहेत. उणीव आहे ती हे काम इतिहासाचे आहे असे मानण्याची.

२१/ सुरुवात दिवाळीपासून होऊ शकते. किल्ल्याच्या स्पर्धेशेजारी ‘आजीची खोली’ अशी एक स्पर्धा ठेवावी. अट एकच: प्रमाण एकास बारा आणि प्रत्येक वस्तूच्या मागे चिठ्ठीवर ती कोणाची होती, कधी घेतली, कितीला घेतली. रायगड बांधताना मूल पुस्तक उघडते. ही खोली बांधताना त्याला आजीला विचारावे लागेल, आणि हे प्रश्न तिला कदाचित पहिल्यांदाच कोणी विचारलेले असतील.

२२/ किल्ल्याचे अवशेष डोंगरावर आहेत. शंभर वर्षांनीही कोणी चढून जाऊन ते मोजू शकेल. बैठ्या घराचा अवशेष उरत नाही. राडारोड्याचा ट्रक निघून गेला की पोटमाळा किती उंचीवर होता हे सांगणारे कोणी राहणार नाही. मोजपट्टी लावायची वेळ त्याआधीची आहे.

(समाप्त)