डोळ्याखालचे खड्डे

खड्डे बुजवण्याबद्दल खानदेशातल्या माणसाला कुणी शिकवू नये. जळगावहून एरंडोल, पारोळा करीत जुन्या काळी ज्यांनी एसटीने धुळं गाठलं, त्यांचा या विषयाचा अभ्यास थेट पाठीच्या कण्यातून झालेला आहे. पण खड्डा माणसाच्या डोळ्याखालीही असतो आणि तो पैसे देऊन बुजवता येतो, हे ज्ञान मला आमच्या धुळ्याच्या वहिनींमुळे झालं.

या भरावाला 'फिलर' म्हणतात. हायलुरॉनिक आम्लाचा लगदा सुईने डोळ्याखाली सोडायचा. हे द्रव्य १९३४ साली मेयर आणि पामर या दोघांनी न्यूयॉर्कला गायीच्या डोळ्यातून प्रथम काढलं. हल्ली जंतूंकडून तयार करून घेतात, त्यामुळे गोमातेला त्रास नाही. मात्र हा भराव कायमचा नसतो. काही महिन्यांनी विरतो आणि पुन्हा निविदा काढावी लागते.

आता, वहिनींनी हे करू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. चेहरा त्यांचा, पैसे त्यांचे, आणि साखरपुडा त्यांच्या लेकीचा. माझं भांडण आहे ते "काही होत नाही हो, जेवणाच्या सुट्टीत येऊन जा" या वाक्याशी. दवाखान्यात हे वाक्य मराठीत ऐकवलं गेलं. काय काय होऊ शकतं याचा कागद मात्र चार पानी आणि इंग्रजीत. खाली सही मराठीत. साखरपुड्याला आठ दिवस होते.

अहो, डोळ्याखालची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ. तिच्याखाली बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. सुई लागली की रक्त झिरपणार, आणि गालाकडे उतरणार. सूज वेगळीच, कारण हे द्रव्य पाणी ओढतं. तो डाग जायला आठवडा, कधी दोन आठवडे. आमच्या जळगावचं केळं हिरव्याचं पिवळं आणि पिवळ्याचं काळं होतं. वहिनींचा डोळा उलट्या क्रमाने पिकला. आधी काळाजांभळा, मग हिरवट, मग पिवळा. पहिल्या दिवशी गार पट्टी, उशी उंच, चोळायचं नाही, एवढाच उपचार. बाकी वाट बघणं. बरं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तर डाग वाढतो, पण हृदयासाठी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते. हे आधी विचारायला हवं होतं. विचारलं ते चौथ्या दिवशी, फोनवर.

आणि हा डाग झाला साधा प्रकार. क्वचित हा लगदा रक्तवाहिनीतच शिरतो. मग कातडी पांढरी पडते, भयंकर दुखतं, नजर जाऊ शकते, आणि गेलेली नजर बहुधा परत येत नाही. तेव्हा घरी बसून गार पट्ट्या ठेवायच्या नसतात, त्या क्षणी डॉक्टर गाठायचा असतो. लगदा विरघळवणारं हायलुरोनिडेज नावाचं औषध आहे. ते कपाटात आहे का, सुई धरणाऱ्याची पदवी कुठली, हे दोन प्रश्न सोफ्याचा रंग बघण्याआधी विचारावेत. शिवाय भराव बुजवतो तो खड्डा. आपल्याकडच्या कित्येक डोळ्यांखाली खड्डा नसतोच, असतो तो कातडीचा काळा रंग, वडिलोपार्जित. त्याला भरावाचा उपयोग नाही. अशा गिऱ्हाइकाला परत पाठवायला प्रामाणिकपणा लागतो.

पण मला खरा राग आला तो गल्लीचा. आमचे दादा म्हणजे डास मारतानासुद्धा "जरा बाजूला व्हा" म्हणतील असा माणूस. वहिनींचा काळा डोळा दारात दिसला आणि गल्लीने निकाल लावला. दादांशी रोज फिरायला येणारे दोघे एकाएकी गुडघे दुखतात म्हणू लागले. बायकांनी वहिनींना वाटीभर भरीत आणून दिलं, नजर जमिनीवर ठेवून. विचारलं कुणी नाही. विचारलं ते एकट्या भाजीवालीने, "काय व्हयनं वं माय?"

वहिनींनी खरं सांगितलं, की सुई टोचून घेतली, पैसे मोजून. भाजीवालीचा विश्वास बसला नाही. तिने कोथिंबिरीची जुडी वर टाकली आणि म्हणाली, असं सगळ्याच सांगतात.

हे वहिनींनी मला सांगितलं तेव्हा मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, याच गल्लीत तीस वर्षांत असे डोळे मीही पाहिलेत. मोरीत घसरले, कपाटाचं दार लागलं. मीसुद्धा भरीतच नेऊन दिलं."

काय बोलणार? घरातल्या मारहाणीविरुद्धचा कायदा २००५ साली झाला, पुढच्या वर्षी लागू झाला. आमच्या गल्लीत अजून वांग्याचं भरीतच लागू आहे. दादांशी फिरणं सोडणाऱ्या त्या दोघांचं एक मात्र कबूल केलं पाहिजे, त्यांनी निदान काहीतरी केलं. फक्त ते ज्या माणसाच्या बाबतीत करायला हवं होतं, त्याच्याबरोबर ते अजून रोज सकाळी पांझरेच्या काठाने फिरतात. तो कोण, ते गल्लीला ठाऊक आहे.

साखरपुड्याला वहिनींच्या डोळ्याखाली पिवळी झाक होती. फोटोग्राफर म्हणाला, "काकू, हळद आजच लागली का?"